काठी अप्पांच्या हातात

सकाळी सात वाजता वहिनी धक्क्यावर पोचली तेव्हा तिच्या पोटात चार गुपितं होती, आणि चारही घरच्याच माणसांची.

तिनं कुणाला काही विचारलेलं नव्हतं. माणसं आपणहून यायची, तिच्यासमोर मन मोकळं करायची आणि हलकी होऊन निघून जायची. डोळ्यांच्या दवाखान्यात बारा वर्षं काढल्यामुळे असेल, "वर बघा, आता खाली बघा" म्हणत समोरच्याला शांत ठेवायची सवय तिच्या आवाजात मुरली होती. लग्न होऊन आली तेव्हापासून घरानं तिला कुलपाच्या कपाटासारखं वापरलं होतं.

सगळ्यात आधी आले ते सासरे. महिन्यापूर्वी अप्पा टोपी कपाळावर ओढून दवाखान्यात शिरले आणि सुनेच्याच रांगेत परक्यासारखे नंबर घेऊन बसले. डाव्या डोळ्याची नजर गेली होती, ती परत येणार नव्हती. डॉक्टरांनी बोट चालवणं बंद करा असं सांगितल्यावर अप्पा बराच वेळ भिंतीवरच्या अक्षरांच्या तक्त्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, घरात कळता कामा नये, मीच सांगेन, लग्नाच्या पंचेचाळिसाव्या वाढदिवसाला, समुद्रावर, सगळ्यांसमोर.

त्यानंतर नवऱ्यानं, म्हणजे दादानं, कपडे वाळत घालताना ओल्या चादरीच्या पलीकडून सांगून टाकलं की उद्या अप्पांनी सुकाणू माझ्या हातात दिलं तर मी हो म्हणेन आणि जन्मभर पस्तावेन. त्याला बोटीवरचं खालचं काम हवं होतं. गळ बांधावेत, आमिष शिवावं, मासा हाताळावा. वर सुकाणूपाशी गेला की त्याच्या तळव्यांना घाम सुटायचा. पण वीस वर्षं बापाच्या हाताखाली काढल्यावर आता नको कुठल्या तोंडानं म्हणायचं? चादर वाऱ्यानं उडाली तेव्हा त्याचा चेहरा दिसला, आणि वहिनीला हसावं की रडावं कळेना.

धाकटी नणंद चिऊ अडतीस वर्षांची झाली तरी घरात चिऊच होती. ती धक्क्यावरचं बुकिंगचं ऑफिस सांभाळायची आणि सगळ्यांना वाटायचं की तिला तेवढंच येतं. तिनं परीक्षा देऊन तांडेलाचा परवाना काढला होता. म्हणजे पैसे भरून मासेमारीला येणाऱ्या पाहुण्यांची बोट स्वतः चालवायची तिला कायद्यानं मोकळीक होती. तो परवाना सहा महिने वहिनीच्या दवाखान्यातल्या खणात, पांढऱ्या कोटाखाली पडून होता.

आणि सासूबाईंनी, म्हणजे आईंनी, तर दिराशीच संधान बांधलं होतं. काका, म्हणजे अप्पांचे धाकटे भाऊ, एका मोठ्या हॉटेलच्या मॅनेजरला भेटून आले होते. हॉटेलला पाहुण्यांना मासेमारीला न्यायला बोट हवी होती. अप्पांची बोट त्यांना विकून टाकायची आणि अप्पांना घरी बसवायचं, असा दीर-भावजयीचा बेत होता. आईंनी त्या बोटीला गेली एकतीस वर्षं सवत याखेरीज दुसरं नाव दिलं नव्हतं. सात वर्षांची चिऊ तापानं फणफणली होती तेव्हा अप्पा पाहुण्यांना घेऊन दोन दिवस समुद्रात होते. त्यानंतर आईंनी बोटीवर पाय ठेवला नाही. आज त्या आपणहून येते म्हणाल्या, तेव्हा अप्पांना वाटलं राग निवला. वहिनीला ठाऊक होतं, त्या सवतीची पाठवणी करायला आल्या आहेत.

आईंनी छत्री घेऊनच बोटीवर पाऊल टाकलं. डेकवरून एक फेरी मारली, पितळेच्या कडीवरून बोट फिरवलं, ते बोट उजेडात धरून बघितलं. एक कण धूळ नव्हती.

"हिला एवढी घासूनपुसून ठेवता," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "घरातलं बेसिन कधी घासलंत?"

अप्पांना ते प्रेमाचं बोलणं वाटलं आणि त्यांनी इंजिन सुरू केलं.

किनारा मागं पडला, पाणी हिरव्याचं निळं झालं आणि मग निळ्याचं जांभळं. अप्पा वर होते. शिडी चढून गेलं की वरच्या माचीवर सुकाणू, तिथून चारही बाजूंचं पाणी दिसायचं. बेचाळीस वर्षं त्यांनी इथंच उभं राहून काढली होती. खाली डेकवर पाहुणे असायचे. डॉक्टर, वकील, कारखानदार, नवीन लग्न झालेली जोडपी. ते गळाच्या काठ्या धरायचे, शीडमासा लागला की ओरडायचे, रडायचे, एकमेकांना मिठ्या मारायचे. माशाच्या पाठीवर त्याच्या अंगाहून उंच निळं शीड, पुढं भाल्यासारखं तोंड, आणि पाण्याबाहेर उसळला की माणूस आपलं नाव विसरतो. अप्पांनी असे मासे किती लोकांना धरून दिले याची गणती नव्हती. स्वतः एकही धरला नव्हता. मासा लागला की तांडेलाला बोट मागंपुढं नाचवावी लागते, नाहीतर दोर तुटतो. सुकाणू धरणाऱ्यानं काठी धरायची नाही, हा नियम त्यांनीच केला होता आणि त्यांना तो कधी जाचलाही नव्हता. निदान ते तसं सांगायचे.

आज त्यांनी मनात तीन वाक्यं घोळवून ठेवली होती. पहिलं डोळ्याचं. दुसरं, की आजपासून बोट दादाची. तिसरं बायकोसाठी होतं आणि ते त्यांना अजून नीट जमत नव्हतं. दादा वर्षानुवर्षं तोंड मिटून खाली राबतो आहे, त्याचं सगळं लक्ष या सुकाणूवर असणार, हे त्यांना अगदी स्वच्छ दिसत होतं. डोळा गेला तरी.

खाली दादानं चार काठ्या लावल्या होत्या. बोटीच्या दोन्ही अंगांना पसरलेल्या लांब दांड्यांवरून दोर मागं गेले होते आणि चार आमिषं लाटांवरून उड्या मारत येत होती. काका बर्फाच्या पेटीवर बसून घसा साफ करत होते. त्यांनाही बोलायचं होतं. आईनं त्यांना डोळ्यानं खुणावलं, की करा सुरुवात.

"अप्पा, जरा खाली ये," काका ओरडले. "महत्त्वाचं आहे."

अप्पांना वाटलं, हीच वेळ. त्यांनी चिऊला वर बोलावलं, बोटीचा वेग कमी केला आणि तिला सांगितलं की फक्त धरून ठेव, काही करू नकोस, मी दोन मिनिटांत आलो. चिऊनं लहान मुलीसारखी मान हलवली. अप्पा शिडी उतरले आणि काकांना तोंड उघडायला अवसर न देता बोलून गेले. डावा डोळा गेला आहे. डॉक्टरांनी बोट बंद करायला सांगितलं आहे. महिना झाला.

मग आई, काका आणि दादा, तिघांनी एकदम वहिनीकडे बघितलं.

"तुला माहीत होतं?" दादानं विचारलं.

वहिनीनं दुसरीकडे कुठंतरी बघायचा प्रयत्न केला, पण चारही बाजूंना समुद्र होता. ती म्हणाली, हो, माहीत होतं, आणि मला आणखीही बरंच माहीत आहे, कृपा करून मला कुणी काही विचारू नका.

आई मात्र नवऱ्याकडे बघत होती. महिनाभर हे माणूस पेपर उजव्या बाजूला तिरपा धरून वाचत होतं, चहाचा कप एकदा टेबलाच्या बाहेरच ठेवला होता, आणि आपण म्हातारचळ म्हणून ओरडलो होतो. तोवर काकांनी संधी साधली. ते म्हणाले, मग तर आता प्रश्नच मिटला, आणि हॉटेलचं नाव घेतलं. अप्पांनी हात वर केला.

"बोट कुठं जाणार नाही," ते म्हणाले. "आजपासून ती दादाची. काय रे?"

दादानं वहिनीकडे बघितलं. वहिनीनं डोळे मोठे केले. दादानं श्वास घेतला आणि त्याच्या तोंडून "हो" बाहेर पडणार एवढ्यात वरून चिऊचा आवाज आला. ती ओरडली नाही, फक्त मोठ्यानं म्हणाली, "मागं तीन आहेत."

सगळे वळले. आमिषांच्या मागं पाण्यात तीन काळसर सावल्या होत्या, लांबलचक. त्यातली एक जांभळी झाली, मग दिवा लागल्यासारखी निळी, आणि तिचं शीड पाणी कापत वर आलं.

दादाच्या अंगात वीज शिरली. वीस वर्षं न चुकता शिरायची तशीच. आता त्याला बाप, भाऊबंदकी, सुकाणू काही आठवत नव्हतं. एका काठीचा दोर सुटून सरसर जायला लागला, ती त्यानं उचलली आणि सगळ्यात जवळ जो माणूस होता त्याच्या हातात दिली. दुसरी काकांनी स्वतःच ओढून घेतली होती. दादा मागं वळला तेव्हा त्याला कळलं की पहिली काठी त्यानं अप्पांना दिली आहे.

अप्पांनाही तेव्हाच कळलं. ते हातातल्या काठीकडे असे बघत होते की जणू कुणी अनोळखी बाईनं बाळ त्यांच्या हातात देऊन पळ काढला आहे.

"ही घे," ते म्हणाले, "मला वर जायला पाहिजे." आणि शिडीकडे निघाले. शिडीशी आई उभी होती, मिटलेली छत्री आडवी धरून.

"कुठं निघालात?"

"वर. मासा लागलाय. तांडेल वर पाहिजे."

"दोन डोळ्यांचं माणूस वर आहे," आई म्हणाली. "तुम्ही जे धरलंय ते धरा."

या घरात आईनं बोटीच्या कामात तोंड घातल्याचा हा पहिलाच प्रसंग होता. अप्पा इतके चक्रावले की वळले आणि काठीला जोरात हिसका दिला. दोर ढिला पडला. मासा गेला.

शीडमासा आधी आपल्या भाल्यानं आमिषाला मारतो, मग ते गिळतो. म्हणून दोर मोकळा सोडून पाच आकडे मोजायचे आणि मग हलकेच रीळ फिरवायचं, हिसका द्यायचा नाही, हे अप्पांनी बेचाळीस वर्षं वरून ओरडून प्रत्येक पाहुण्याला सांगितलं होतं. चुकणाऱ्यांना त्यांनी काय काय शिव्या घातल्या होत्या ते दादाला पाठ होतं. त्यानं बापाच्या चेहऱ्याकडे बघितलं. अप्पांचे कान लाल झाले होते.

मग आईला हसू फुटलं. आधी ती छत्रीच्या मुठीआड हसली, मग उघड हसली, मग तिला बसावं लागलं. ते बघून वहिनी सुटली. वरून चिऊचं हसणं ऐकू यायला लागलं. अप्पा म्हणाले की यात हसण्यासारखं काय आहे, आणि स्वतःच खुदकन हसले.

"अप्पा," दादा जवळ येऊन हळूच म्हणाला, "अजून आहे तो. आमिष परत मागं जाऊ द्या. मी सांगेन तेव्हा मोजा."

पाहुण्यांशी तो असाच बोलायचा, कानाशी, घाई न करता. अप्पांनी हा आवाज कधी ऐकला नव्हता. वर इंजिनाच्या धडधडीत तो पोचायचाच नाही. त्यांनी मुकाट्यानं दोर सोडला. आमिष मागं मागं गेलं, सावली वळली, पाण्यात चापट मारल्यासारखा आवाज झाला. दादा म्हणाला, आता. अप्पांनी मोजायला सुरुवात केली, आणि तीनवरून एकदम पाचवर आले, पण दादानं त्यांच्या मनगटावर हात ठेवून चार भरून काढला. मग काठी वाकली. अशी वाकली की अप्पांचे दोन्ही गुडघे डेकच्या कठड्याला जाऊन भिडले.

शंभर हातांवर मासा पाण्याबाहेर आला. सगळाच्या सगळा. शीड उघडलेलं, अंगावरचे पट्टे पेटल्यासारखे निळे, डोकं झटकत तो शेपटीवर चालल्यासारखा गेला आणि पडला, पुन्हा उसळला, पुन्हा पडला. अप्पांच्या तोंडून एक आवाज निघाला. हुंकार म्हणावा की किंकाळी, पण त्यात शब्द नव्हता.

काकांचाही मासा तेव्हाच उसळला, उलट्या दिशेला. आणि मग दोन्ही मासे एकमेकांच्या वाटेनं सुटले. दादानं ओरडून सांगितलं की काका, तुम्ही अप्पांच्या खालून पलीकडे या, नाहीतर दोर अडकतील. साठ वर्षांचे काका काठी धरून वाकले आणि मोठ्या भावाच्या काखेतून पलीकडे निघाले. मध्ये त्यांची टोपी उडाली, चष्मा एका कानावर आला, आणि वहिनीनं त्यांना मागून कमरेला धरून ढकललं. पलीकडे निघतात न निघतात तोच मासा पुन्हा वळला आणि त्यांना परत यावं लागलं. अप्पा म्हणाले, अरे एका जागी उभा राहा ना. काका म्हणाले, मला नको, माशाला सांग. दोघे भाऊ गेल्या दहा वर्षांत एकमेकांच्या इतक्या जवळ आले नव्हते.

वर चिऊचे हात सुकाणूवर आणि वेगाच्या दांड्यावर होते. इथून तिला सगळं दिसत होतं. दोन दोर, दोन मासे, बापाचं टक्कल. तिनं बोट हलकेच मागं घेतली, अप्पांच्या माशाकडे, म्हणजे त्यांना रीळ फिरवायला उसंत मिळेल. काकांचा मासा दूर जाऊ लागला तेव्हा बोटीचं तोंड थोडं वळवलं. अप्पा तिच्याकडे पाठ करून सवयीनं हुकूम सोडत होते. मागं घे. थांब. सावकाश. चिऊ प्रत्येक हुकूम तो यायच्या आधीच पाळत होती आणि अप्पांना वाटत होतं, आपण सांगतो तसं पोरगी करते आहे.

पंधरा मिनिटांनी काकांचा दोर तटकन तुटला. ते मागच्या मागं बर्फाच्या पेटीवर बसले, रिकाम्या काठीकडे बघत राहिले आणि मग त्यांना इतकं हसू आलं की पेटीचं झाकण वाजायला लागलं. त्यांच्या अख्ख्या नोकरीत, ते म्हणाले, एवढं कुणी त्यांना नाचवलं नव्हतं.

अप्पांचा मासा मात्र आता बुडी मारून बोटीच्या दिशेनं आला. दोर खाली गेला तर पंख्यात सापडून तुटणार. अप्पा ओरडले, "डावीकडे! डावीकडे वळव!"

चिऊनं खाली बघितलं. निळा पट्टा बोटीच्या उजव्या अंगानं, म्हणजे मागं तोंड करून उभ्या असलेल्या अप्पांच्या डाव्या हाताला, येत होता. डावीकडे वळवली असती तर बोटीची शेपूट पंख्यासकट त्याच्या अंगावर गेली असती. अप्पांना ती बाजू दिसतच नव्हती. तिनं सुकाणू उजवीकडे फिरवलं आणि वेग वाढवला. बोटीची शेपूट बाजूला सरकली, दोर ताठ झाला, सळसळत बाहेर आला.

"डावीकडे म्हणालो मी."

"अप्पा, तुम्ही काठी सांभाळा," चिऊ वरून म्हणाली. "बोट मी बघते."

काका घाबरले. ते म्हणाले, अरे तिला खाली उतरवा कुणीतरी, ती काय तांडेल आहे का. आणि वहिनीच्या पोटातलं कुलूप निखळलं.

"आहे," ती म्हणाली. "परवाना आहे तिच्याकडे. सहा महिने झाले. माझ्या खणात आहे, कोटाखाली."

अप्पांनी ते ऐकलं. पण मासा पुन्हा सुटला होता, हात भरून आले होते, खांदा ओरडत होता, आणि माणसाला एका वेळी एकच आश्चर्य झेपतं. त्यांनी फक्त एकदा मान मागं टाकून वर बघितलं, उजव्या डोळ्यानं. पोरगी उन्हात उभी होती, पाय फाकवून, ओठ आवळून, नजर पाण्यावर. आपणही असेच दिसत असू का, असं त्यांच्या मनात येऊन गेलं, आणि ते पुन्हा रीळ फिरवायला लागले. त्यानंतर त्यांनी एकही हुकूम सोडला नाही.

आणखी दहा मिनिटांनी मासा दमून बाजूला आला. दादा हातमोजे घालून कठड्यावरून ओणवा झाला आणि त्यानं माशाचं भाल्यासारखं तोंड दोन्ही हातांनी धरलं, झोपलेल्या मुलाला उचलावं तसं. या बोटीवर शीडमासा मारत नसत, सोडून देत. चिऊनं बोट अगदी सावकाश पुढं ठेवली, म्हणजे माशाच्या कल्ल्यांतून पाणी खेळेल आणि त्याचा दम परत येईल.

"या अप्पा," दादा म्हणाला. "हात लावा."

अप्पा गुडघ्यांवर बसले. त्यांनी त्या लांब तोंडावर बोटं ठेवली आणि चटकन मागं घेतली.

"खरखरीत आहे की रे."

"पॉलिश पेपरसारखं," दादा म्हणाला. "म्हणून तर मोजे."

"मला वाटायचं गुळगुळीत असेल."

दादानं बापाकडे बघितलं. बेचाळीस वर्षं हा माणूस या माशांच्या मागं होता आणि त्याला हे माहीत नव्हतं. वरून दिसत नाही. दादाला एकाएकी बापाची इतकी दया आली आणि इतका आनंद झाला की वीस वर्षांत बायकोशिवाय कुणाला सांगितलं नव्हतं ते त्याच्या तोंडून बाहेर पडलं.

"मला हेच हवंय अप्पा. इथं खाली. वर नको. मी हो म्हणणार होतो, पण मला वर नकोच आहे."

अप्पांचा हात माशाच्या पाठीवर होता. शीड मिटून खोबणीत गेलं होतं आणि त्यांच्या तळव्याखाली ते अंग पुन्हा निळं होत चाललं होतं.

"आधी का नाही बोललास?"

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून."

"आणि मी तुला देत होतो, नाही दिली तर तुला वाईट वाटेल म्हणून," अप्पा म्हणाले.

माशानं शेपटीचा एक सपकारा मारला, दोघांच्या तोंडावर पाणी उडवलं आणि दादाच्या हातांतून निघून गेला. खाली जाताना त्यानं एकदा शीड उघडलं, मग नुसतं निळं पाणी उरलं.

आई हे सगळं खुर्चीत बसून बघत होती. नवरा उठला तेव्हा त्याचा सदरा भिजून अंगाला चिकटला होता, हाताला खरचटलं होतं आणि चेहरा असा झाला होता की पंचेचाळीस वर्षांपूर्वी ती ज्याच्यावर भाळली तो पोरगा जसाच्या तसा तिच्यापुढं उभा होता. तिला त्याचा राग येत होता. एवढी वर्षं हा आनंद दुसऱ्यांना वाटत फिरला आणि घरी येऊन बातम्या बघत बसला. मग तिच्या लक्षात आलं, की आपण कधी विचारलंही नव्हतं.

काकांनी चष्मा सरळ केला आणि भावजयीकडे बघून हलकेच खाकरले. त्यांना हॉटेलचं आठवलं होतं.

"भाऊजी, त्यांना म्हणावं दुसरी बघा," आई म्हणाली. मग वर मान करून तिनं हाक मारली, "चिऊ, तू आता हिला रोज नेणार का?"

"अप्पा म्हणतील तर."

सगळ्यांनी अप्पांकडे बघितलं. अप्पांनी सदऱ्याच्या बाहीनं तोंड पुसलं.

"मी काय म्हणणार," ते म्हणाले. "मी डावीकडे म्हणालो होतो."

चिऊनं ते ऐकलं आणि पाणी बघायच्या निमित्तानं दुसरीकडे तोंड वळवलं. काकांनी विचारलं की पुढच्या रविवारी जागा आहे का, कारण त्यांचा मासा अजून त्यांच्याकडे यायचा आहे. दादा काठ्या आवरायला लागला, शीळ घालत. वहिनी डेकवर पाय पसरून बसली. तिच्या पोटात आता काहीही उरलं नव्हतं आणि तिला कडकडून भूक लागली होती.

परतीला बोट लाटांच्या पाठीवरून वरखाली होत निघाली. अप्पांना कुठं बसावं कळेना. आधी ते शिडीशी गेले, मग परत आले. पाहुणे बसतात त्या बाकावर आई बसली होती, तिनं सरकून जागा केली. अप्पा बसले, बोटीच्या मागच्या बाजूकडे तोंड करून. या बोटीवर ते कधी बसलेच नव्हते. तिसरं वाक्य काही जमेना, म्हणून त्यांनी आईला मासा कसा उसळला ते सांगायला सुरुवात केली, आणि तीही ऐकत होती, जशी काही ती तेव्हा घरीच होती. दोनतीन वाक्यांनंतर ते थांबले. मग म्हणाले, जरा गार वाटतंय का गं. मग त्यांचा रंग उतरला, कपाळावर घाम आला, आणि काय होतंय हे त्यांना कळायच्या आत वहिनीनं बादली त्यांच्यासमोर धरली.

बेचाळीस वर्षांचा तांडेल बादलीत तोंड घालून बसला. एकतीस वर्षांनी बोटीवर आलेली आई ठणठणीत होती. ती एका हातानं त्यांची पाठ चोळत होती आणि दुसऱ्या हातानं स्वतःचं तोंड दाबत होती. अप्पांनी बादलीतूनच सगळ्यांना बजावलं, की यातलं अक्षर धक्क्यावर कळता कामा नये. सगळ्यांनी माना हलवल्या. दादानं शपथ घेतली, काकांनीही घेतली.

दुपारी एक वाजता सगळ्या बोटी वायरलेसवर आपापली खबर द्यायच्या. कुणाला काय लागलं, कुठं लागलं. आपली पाळी आली तेव्हा चिऊनं माईक उचलला, बटण दाबलं आणि एक क्षण थांबली. मग बोटीचा नंबर सांगितला आणि म्हणाली, "तांडेल बोलतेय."

वायरलेस खरखरत राहिला. कुणीतरी विचारलं, कोण, चिऊ का, अप्पा कुठेत. दुसऱ्या बोटीवरच्या म्हाताऱ्या तांडेलानं विचारलं, काय लागलं.

"एक शीडमासा," चिऊ म्हणाली. "धरला, सोडला."

"कुणी धरला?"

चिऊनं खाली बघितलं. अप्पा बादलीतून डोकं वर काढून, हात जोडून तिच्याकडे बघत होते.

"एका पाहुण्यानं," ती म्हणाली. "पहिल्यांदाच आला होता. आता जरा बोट लागलीये त्याला."